कुंतीची पहिली फळं

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं मला आईनं शिकवलं होतं आणि जन्मभर मी ते पाळलं. पण लिहायला बसल्यावर पानभर 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याच्या डोक्याला ताप. म्हणून इथे सरळ सत्यवान असं लिहिते. रागवायला ते आता नाहीत. असते तरी या गोष्टीवरून माझ्यावर रागावले नसते, कारण यात लाज वाटण्यासारखं जे काही आहे त्यातलं निम्मं माझं आहे.

सत्यवान आमच्या गावच्या मिशन बंगल्याचे माळी होते. नेवासे तालुक्यातलं आमचं गाव, नाव सांगायची गरज नाही, सांगितलं तर नातेवाईक नाराज होतील. एकोणीस वर्षं त्यांनी तो बगीचा राखला. अंगानं सडपातळ, बोलायला कमी आणि नियमाला असे पक्के की बंगल्यातली मॅडम स्वतः गुलाब तोडायला आली तरी कात्री कुठे लावायची ते तिला सांगायचे. घरात मीठ कुठल्या कोनाड्यात ठेवायचं यालाही त्यांचा नियम होता. लग्नानंतर पहिलं वर्ष मी त्यापायी रडले, दुसऱ्या वर्षी भांडले आणि तिसऱ्या वर्षापासून मीठ त्या कोनाड्यात ठेवायला लागले.

एकोणसत्तर साली मॅडम आपल्या देशाला परत गेली आणि बंगल्याला कुलूप लागलं. फाटकाशी कुंतीचं कुंपण होतं. पावसाळ्यात पांढरी, लांबवर वास जाणारी फुलं यायची आणि थंडीत लाल फळं, वाटाण्याहून थोडी लांबट. मॅडमच्या देशात म्हणे नाताळाला चर्चमध्ये लाल फळांच्या फांद्या लावतात. ते झाड आपल्या उन्हात जगत नाही, म्हणून ती इथे कुंतीच्या फांद्या लावायची. ती गेल्यावर सत्यवाननी ओंजळभर पिकली फळं घरी आणली, राख लावून त्यांचा गर चोळून काढला आणि बिया डालड्याच्या डब्यात लावल्या. तीन उगवल्या. दोन कोंबडीनं खाल्ल्या. तिसरी आमच्या दारात आली.

एवढ्याशा रोपाचे लाड काय सांगावे. धनगराकडून आणलेलं लेंडीखत, दर आठवड्याला नीट करून घेतलेलं आळं, मावा पडला की सकाळच्या दवात पानांवर फुंकलेली राख. दोन्ही मुलींना त्यांनी इतक्या वेळा हात लावला नसेल. गावाला मात्र हे झाड काही पटेना. आमच्या वस्तीला लागून छबूबाईचा मळा होता. मोठ्या शेतकऱ्याच्या घरची बाई, बोलायला फटकळ. एकदा बांधावरून तिनं मला विचारलं, याची फळं खायची असतात का. मी म्हटलं, नाही. गुरं पाला खातात का? नाही. औषधाला लागतं? तेही नाही. तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, म्हणजे तुझ्या मालकानं झाड पाळलेलं नाही, झाडानं मालक पाळलाय.

मी हसले, पण मला ते लागलं. आमच्या घरात तोवर नुसती बघण्यासाठी अशी एकही वस्तू आलेली नव्हती. जे होतं ते पोटासाठी किंवा अंगावर घालण्यासाठी होतं. कुंती तेवढी कशाच्याच उपयोगाची नव्हती आणि त्यामुळेच मला ती दारात हवी होती.

मग बाहत्तर साल आलं. आदल्या वर्षीही पाऊस ओढ देऊन गेला होता, या वर्षी तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. श्रावणात दोन सरी आल्या. तेवढ्यावर कुंती पहिल्यांदा फुलली आणि हिरवी फळं धरून बसली. दिवाळीपर्यंत गावची विहीर तळाला गेली. घोडेगावच्या बाजाराला गुरं निघाली, त्यातली निम्मी गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे संध्याकाळी तशीच परत यायची. सगळं गाव, आमची ख्रिस्ती वस्ती धरून, रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलं.

पाणी राहिलं होतं ते फक्त मिशनच्या विहिरीत. ही विहीर मिशननं खोदली तीच मुळी आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते म्हणून. माझी सासू गावच्या विहिरीपासून दहा हात लांब घागर ठेवून बसायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर उन्हात बसून राहायचं. आता तेच गाव हंडे घेऊन आमच्या विहिरीकडे बघत होतं. आमचे पाळक दानीएल यांनी चर्चमध्ये सभा घेतली. आमच्यातले काही म्हणाले, बसू द्या त्यांना आता दहा हात लांब. पाळकांनी शांतपणे सांगितलं की असं पाणी आपल्याला पचणार नाही. शेवटी ठरलं की आपल्या घरांना दोन हंडे, गावातल्या घरांना एक. वाटप सकाळी एकदाच. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीला हात लावायचा नाही, झऱ्यातून येईल ते साठू द्यायचं. आणि हे सगळं बघायला नियमाचा माणूस हवा म्हणून सगळ्यांनी एकमतानं सत्यवानचं नाव घेतलं.

त्यांनी ते काम चोख केलं. पाळकांच्या घरालाही दोनावर तिसरा हंडा मिळाला नाही. वाटप झालं की दोर आणि पोहरा काढून ते घरी आणायचे. वस्तीतली माणसं त्यांना कारभारी म्हणू लागली. बंगला बंद झाल्यापासून वाकलेली त्यांची मान पुन्हा ताठ झालेली मी पाहिली. आणि मलाही, विहिरीवर का होईना, मान मिळायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

कुंतीला आम्ही सुरुवातीला आंघोळीचं पाणी घालत होतो. हे खरं आहे. पण पुढे आंघोळच आठवड्याला एकदा व्हायला लागली आणि कुंतीची पानं दुपारी माना टाकू लागली. एक दिवस सत्यवान मला म्हणाले की विहिरीच्या तळाशी नुसता गाळ साठलाय, तो उपसला तर झरा मोकळा होईल. दुपारी सगळी माणसं खडीवर असताना त्यांनी दोर सोडला आणि एक हंडा वर काढला. गढूळ, राखेच्या रंगाचं पाणी. मी म्हटलं, गाळाचं का होईना, पाणीच आहे. ते म्हणाले, हे कोण पिणार आहे?

तो हंडा घरी आणला मी. पुरुष हंडा घेऊन चालला तर कुणीतरी थांबून बघतं, म्हणून मीच उचलला. आळ्यात ओतलाही मीच. मग दिवसाआड तेच. झरा मोकळा करण्याचं कुणी बोलेनासं झालं, ना ते, ना मी. छबूबाईनं एकदा येता-जाता विचारलं, सगळं रान करपलं आणि तुझं हे बिनकामाचं झाड हिरवं कसं? माझ्या तोंडून पटकन गेलं, आंघोळीचं पाणी घालतो. तिनं मान डोलावली. पुढे वस्तीतही मी तेच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना मला काहीच वाटलं नाही.

डिसेंबरातला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वाटप आटोपलं होतं. सत्यवान दोर गुंडाळत होते. इतक्यात छबूबाई रिकामा हंडा घेऊन जवळजवळ पळतच आली. तिची सून चांगुणा हिचे दिवस भरले होते.

"सत्यवानदादा, येक हंडा द्या," ती म्हणाली. "चांगुणाला कळा लागल्यात. त्याच्यानं आज उशीर झाला."

जन्मात पहिल्यांदा ती त्यांना दादा म्हणाली. तोवर नुसतं सत्यवाना होतं.

"पानी संपलंय, बाई," सत्यवान म्हणाले. "तळाला निस्ता गाळ हाय. उद्याच्याला लवकर या."

तिनं विहिरीत डोकावूनही पाहिलं नाही. कारभाऱ्यानं सांगितलं म्हणजे ते खरं, असं धरून चालली. आमच्या अंगणातून विहीर दिसायची, तिथे उभी राहून मी हे बघत होते. ती हंडा कमरेवर घेऊन उभी राहिली तेव्हा मला माझी सासू आठवली आणि मला बरं वाटलं. अगदी थोडा वेळ. पण वाटलं. घरात कळा देणारी बाई आहे हे ऐकूनसुद्धा वाटलं. आमच्या पाण्याच्या रांजणात त्या वेळी दीड हंडा पाणी होतं आणि त्यातलं तांब्याभर द्यावं हेही मला सुचलं नाही.

छबूबाई शेजारच्या गावच्या विहिरीवर गेली, जायला कोसभर, यायला कोसभर. घरातले पुरुष खडीवर होते. ती परत येईपर्यंत चांगुणा एकटीच बाळंत झाली होती. पोर आणि पोराची आई दोघंही वाचली, देवाची दया. त्याच दुपारी सत्यवाननी दोर सोडला, आणि मी हंडा उचलून आणला. कारण तो कुंतीचा दिवस होता.

चांगुणाचं मला दुसऱ्या दिवशी रांगेत कळलं. घरी येऊन मी सत्यवानना सांगितलं. ते भाकरी मोडत होते. त्यांनी हातातला तुकडा परत ताटात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, वाटप झालं म्हणजे झालं, एकाला दिलं की सगळे मागतात. आता पाणी घालणं बंद होईल असं मला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोर घेतला आणि मी हंडा घेतला.

जानेवारीत आमच्यात पिकाचा सण असतो. ज्यानं जे पिकवलं त्यातला पहिला वाटा टोपलीत घालून चर्चमध्ये वेदीपुढे ठेवायचा. बाजरीची कणसं, वांगी, कोंबडी, काहीही. आणि नव्या झाडाचं पहिलं फळ घरात ठेवायचं नसतं, ते आधी तिथे न्यायचं, मग पुढच्या वर्षीपासून घरात. पाळकांनी सांगितलं की यंदा कुणाकडे काही नाही हे मला माहीत आहे, जे असेल ते आणा, आणि पावसासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करू म्हणून गावालाही बोलावलं.

कुंतीची फळं तोवर लाल झाली होती. बुलबुलांनी खाऊ नयेत म्हणून सत्यवाननी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाडावर बांधला होता. त्या रविवारी तो सोडून त्यांनी कात्रीनं फांद्या कापल्या, ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं आणि टोपलीत रचल्या. मी म्हटलं, नेऊ नका. ते म्हणाले, पहिलं फळ आहे, न्यायला पाहिजे. मी म्हटलं, लोक विचारतील. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की लोकांना तू काय ते सांगितलेलंच आहेस.

चर्च भरलं होतं. वेदीपुढे कुणी कामावर खायला मिळालेली मूठभर सुकडी कागदात बांधून ठेवली होती. कुणी एक अंडं. वस्तीतल्या आसारामनं आपण फोडलेल्या खडीचा एक दगड ठेवला आणि म्हणाला, यंदा हेच पीक. त्या सगळ्यांच्या मधे सत्यवाननी टोपली ठेवली. इतकं हिरवं आणि इतकं लाल आम्ही कुणीच कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मागच्या बाकांवरची माणसं उभी राहून बघू लागली. एका बाईनं हात पुढे करून पानाला नुसतं बोट लावलं. मला अभिमान वाटला, आणि लगेच भीतीही वाटली. कारण आता ते नुसतं झाड राहिलं नव्हतं. ते पाणी होतं, आणि आम्हीच ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आणून मांडलं होतं.

तेवढ्यात मागून छबूबाई उठली. डोक्यावरून पदर, हातात तांब्या. आपण ठेवलं तर चालेल का असं तिनं पाळकांना विचारलं आणि तांब्या टोपलीशेजारी ठेवला.

"आमच्या रानात यंदा काय बी न्हाई," ती म्हणाली. "ज्या हिरीनं आमाला जगीवलं तिचंच पानी आनलंय."

तिच्या घराच्या एका हंड्यातलं ते तांब्याभर पाणी होतं. घरात ओली बाळंतीण होती. मग ती आमच्याकडे वळली आणि गावच्या बायकांना म्हणाली, "ह्यान्ला बगा. आंगुळीच्या पान्यावर झाड जगीवलं. ह्या मरियानं सांगितल्यापासनं म्या बी थेंब वाया जाऊ देत न्हाई. नातवाच्या आंगुळीचं पानी धरून ठिवते, चांगुणा त्यातच फडकी धुती."

टोमणा नव्हता तो. तिनं मनापासून कौतुक केलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या दुप्पट दिल्या असत्या. शेजारी पुरुषांच्या बाजूला सत्यवान उभे राहिले. ते काय बोलणार हे त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं. मी हात लांब करून त्यांचा सदरा धरला आणि खाली ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"त्ये आंगुळीचं पानी न्हवतं," ते म्हणाले. "हिरीचं हुतं. वाटप झाल्यावर म्या काढायचो."

छबूबाईनं सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"चांगुणाच्या दिवशी बी?"

"व्हय. त्या दिवशी बी."

मला वाटलं ती तांब्या उचलून निघून जाईल. तिनं तो तिथेच राहू दिला, पदर नीट केला आणि आपल्या जागी जाऊन बसली. पाळकांनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि गीत सुरू करायला सांगितलं. सत्यवान शेवटपर्यंत उभेच राहिले. ते 'म्या' म्हणाले होते, 'आमी' म्हणाले नव्हते. मी उठून तो हंडा माझ्या डोक्यावर होता असं म्हणायला पाहिजे होतं. मी गीताच्या पुस्तकात डोकं घालून बसले आणि सगळ्यांबरोबर गायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवाननी रांगेपुढे जाऊन दोर छबूबाईच्या हातात दिला. आमच्या लोकांत कुरकुर झाली, आपल्या विहिरीचा दोर गावाच्या हातात कसा म्हणून. पाळक म्हणाले, माझ्या मनात दुसरं नाव नाही. छबूबाईनं नको-नको केलं, मग घेतला. आणि पुढे पावसापर्यंत तिनंच वाटप केलं. आमच्या घराचे दोन हंडे तिनं काठोकाठ भरून दिले, रोज. सत्यवान रांगेत उभे राहायचे, हंडा पुढे करायचे आणि खाली बघायचे.

कुंती फाल्गुनात वाळली. त्यांनी ती उपटली नाही. जळणाला मागायला एकदोघी आल्या, त्यांनाही दिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून वाळक्या काटक्या दारात तशाच उभ्या ठेवल्या. त्यानंतर ते वीस वर्षं जगले, दुसऱ्यांच्या बागा राखल्या, पण कुठल्याही कामाचे कारभारी झाले नाहीत. चर्चची घंटा वाजवायचं काम सांगितलं तरी नको म्हणाले. माणसं म्हणायची, सत्यवान चुकला पण कबूल झाला. ते खरंच आहे. त्यांना लाज वाटली आणि ती त्यांनी चारचौघांत वाटून टाकली.

माझी राहिली आहे. त्या एप्रिलात मी एकदा बाळाला बघायला म्हणून छबूबाईच्या घरी गेले. तिच्या ओसरीत दोन हंडे होते. वाटपात शेवटचा हंडा गढूळ निघायचा, तो ती कुणाच्या माथी न मारता स्वतःच्या घरी आणायची. एका हंड्यावर फडकं बांधून तिनं ते पाणी गाळून घेतलं होतं आणि आत तुरटी फिरवली होती. दुसऱ्यातलं आदल्या दिवशीचं पाणी निवळून स्वच्छ झालं होतं. चांगुणा त्यातलंच बाळासाठी उकळायला घेत होती. छबूबाईनं मलाही तांब्या भरून दिला. मी प्यायला लागले. पाण्याला कसलाही वास नव्हता, चव पाण्याचीच होती.

बाळाला मांडीवर घेऊन थापटत ती सहज बोलावं तसं म्हणाली, "मरिया, त्ये पानी घरला कोन आनायचं गं?"

मी तांब्या तोंडापासून काढला नाही. तो रिकामा होईपर्यंत पीत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही.